सेफ्टी काडी की कोठेही पेटणारी काडी? मावळातील भटकंतीसाठी आगपेटीची निवड

जूनच्या उत्तरार्धात बोरघाटावर ढग उतरू लागले, की पुणे-लोणावळा लोकलमधून पाठीवर सॅक घेतलेल्या तरुणांचे थवे मळवली आणि लोणावळा या स्थानकांवर उतरू लागतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे त्यांचे नेहमीचे मुक्काम. निघण्यापूर्वी दोर, विजेरी, रेनकोट, औषधे यांची यादी काटेकोरपणे तपासली जाते. आगपेटी मात्र वाटेवरच्या टपरीवरून घेऊन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली जाते. संध्याकाळी ओलेत्या अंगाने स्टोव्ह पेटवण्याची वेळ आली, की पेटीची बाजू पिठासारखी मऊ झालेली असते, काडीचा गुल ओढताक्षणी गळून पडतो आणि पाच-सहा जणांच्या चहा-जेवणाचा, थंडीने कुडकुडणाऱ्या सोबत्याला ऊब देण्याचा प्रश्न एका क्षुल्लक वस्तूपाशी येऊन अडतो.

अशा अनुभवानंतर 'कोठेही ओढली तरी पेटणारी' परदेशी काडी मागवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. जुन्या काऊबॉयपटांतील नायक बुटाच्या टाचेवर किंवा दाराच्या चौकटीवर काडी ओढून चिरूट पेटवतो, ती हीच काडी. परंतु ही काडी मावळच्या पावसात खरोखर उपयोगी पडते काय, आणि आपल्या नेहमीच्या सेफ्टी काडीपेक्षा ती वेगळी कशी, हे समजून घेतल्यास निवड सोपी होते.

फरक कोठे आहे?

दोन्ही काड्यांचे मूळ तत्त्व एकच आहे. घर्षणाने उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने एक चटकन पेटणारा पदार्थ पेट घेतो, त्याला प्राणवायू पुरवणारा दुसरा पदार्थ ती आग भडकवतो आणि मग लाकूड जळू लागते. प्राणवायू पुरवण्याचे काम दोन्ही प्रकारांत पोटॅशियम क्लोरेट करते. फरक आहे तो चटकन पेटणारा पदार्थ कोठे ठेवला आहे, यात.

सेफ्टी काडीत हे दोन पदार्थ हेतुपुरस्सर एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, रंग आणि या सर्वांना बांधून ठेवणारा सरस असतो, फॉस्फरस नसतो. तो असतो पेटीच्या बाजूवरील तपकिरी पट्टीत. या पट्टीत लाल फॉस्फरस, काचेची पूड आणि चिकटवणारा पदार्थ असतो. काही मिश्रणांत अँटिमनी सल्फाइडही घालतात. काडी पट्टीवर ओढली, की घर्षणाच्या उष्णतेने लाल फॉस्फरसचा सूक्ष्म अंश चटकन पेटणाऱ्या रूपात जातो, गुलातील क्लोरेटशी त्याची गाठ पडते आणि ठिणगी उडते. पेटी आणि काडी अशी जोडी जमल्याखेरीज आग नाही, हीच 'सेफ्टी' या शब्दामागील कल्पना होय.

कोठेही पेटणाऱ्या काडीत ही फारकत नसते. तिच्या गुलाच्या टोकावर फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड हे फॉस्फरस आणि गंधकाचे संयुग आणि पोटॅशियम क्लोरेट एकत्रच नांदत असतात. हे संयुग शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेते. लाल फॉस्फरसला हवेत पेटण्यासाठी याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते. त्यामुळे कोणताही कोरडा, खरबरीत पृष्ठभाग पुरेसा होतो. या काडीची ओळखही सोपी आहे. तिच्या गुलावर सहसा दोन रंग दिसतात. खालचा मोठा भाग एका रंगाचा आणि अगदी टोकावर वेगळ्या, बहुधा पांढऱ्या रंगाचा ठिपका. हा ठिपका म्हणजे पेट घेणारे मिश्रण.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सेफ्टी काडीही कधी कधी पट्टीशिवाय पेटते. काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती लांबवर आणि वेगाने घासल्यास केवळ घर्षणाच्या उष्णतेने गुल पेटू शकतो. मात्र यात बहुतेक काड्या मोडतात किंवा गुल झडतो. डोंगरात या युक्तीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. पण 'सेफ्टी' म्हणजे निर्धोक, असाही अर्थ कोणी घेऊ नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

शंभर वर्षांचा विषारी इतिहास

आगकाडी येण्यापूर्वी सह्याद्रीच्या मुलखात चकमक आणि गारगोटी वापरली जाई. पोलादाचा तुकडा गारेवर झाडून उडालेली ठिणगी कापसावर झेलायची आणि ती फुंकून फुलवायची, हा उद्योग पावसाळ्यात फार कष्टाचा होता. म्हणूनच चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवण्याची आणि तो विझल्यास शेजारघरी विस्तव मागायला जाण्याची रीत घरोघरी होती.

घर्षणाने पेटणारी पहिली विक्रीयोग्य काडी इंग्लंडमधील स्टॉकटन-ऑन-टीज येथील औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी तयार केली. १८२७ साली ती त्यांच्या दुकानात विकली जाऊ लागली. ती पेटवण्यासाठी घडी घातलेल्या खरकागदातून ओढावी लागे आणि ती बेभरवशाची होती. १८३० च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया यांनी गुलात पांढरा फॉस्फरस वापरला आणि कोठेही सहज पेटणारी काडी अवतरली. अल्पावधीत तिने युरोप व्यापला.

परंतु पांढरा फॉस्फरस हे जहाल विष आहे. कारखान्यांत त्याच्या वाफा रोज श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या जबड्याचे हाड सडू लागे. या रोगाने अनेकांचे चेहरे विद्रूप झाले आणि कित्येकांचा बळी गेला. लंडनमधील ब्रायंट अँड मे कंपनीतील कामगार स्त्रिया आणि मुली १८८८ च्या जुलै महिन्यात संपावर गेल्या, त्यामागे तुटपुंजे वेतन आणि जाचक दंड यांबरोबरच हे विषही होते. त्यांची दैना 'द लिंक' या पत्रातून जगासमोर मांडणाऱ्या लेखिका म्हणजे ॲनी बेझंट. पुढे भारतात येऊन होमरूल चळवळ उभारणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या त्या याच.

या विषावर उतारा दोन दिशांनी सापडला. व्हिएन्नामधील रसायनशास्त्रज्ञ आंतोन श्र्योटर यांनी १८४० च्या दशकात पांढऱ्या फॉस्फरसपासून निरुपद्रवी लाल फॉस्फरस करण्याची पद्धत शोधली. स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ साली फॉस्फरस गुलातून काढून घासण्याच्या पृष्ठभागावर नेण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. ही कल्पना स्वीडनच्याच यॉनशॉपिंग येथील लुंडस्ट्रॉम बंधूंनी व्यवहारात उतरवली आणि त्यांच्या सेफ्टी काड्यांचा १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात गौरव झाला. दुसरीकडे, फ्रान्समध्ये १८९८ साली सेव्हेन आणि काएन या रसायनतज्ज्ञांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडची काडी तयार केली. कोठेही पेटण्याचा गुण राखून विषाचा दोष तिने दूर केला. आज जगात जी 'कोठेही पेटणारी' काडी मिळते, ती या दुसऱ्या परंपरेतील होय.

पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९०६ साली बर्न येथे झाला. हिंदुस्थानातही १९१३ साली अशा काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांना मनाई करणारा कायदा संमत झाला.

आपल्याकडे सेफ्टी काडीच का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात स्वीडन आणि जपान या देशांतून आगपेट्या येत. १९२२ साली आयात पेट्यांवरील जकात वाढली आणि परदेशी कंपन्यांनाही येथेच कारखाने काढणे फायद्याचे वाटू लागले. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' म्हणजेच 'विम्को' उभी राहिली. तिचा एक कारखाना बोरघाटाच्या पायथ्यापलीकडे, कर्जत-कल्याण लोहमार्गावरील अंबरनाथ येथे होता. 'विम्को नाका' हे तेथील नाव आजही प्रचारात आहे. याच सुमारास तमिळनाडूतील शिवकाशीच्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघांनी कोलकात्याला जाऊन हे तंत्र शिकून घेतले आणि आपल्या गावी हस्तउद्योग सुरू केला. शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी हा पट्टा आज देशातील आगपेटी उद्योगाचे केंद्र आहे. विम्को २००५ साली आयटीसी समूहाकडे गेली.

या दोन्ही प्रवाहांत घडली ती स्वीडिश धाटणीची सेफ्टी काडीच. गावोगावच्या वाणसामानाच्या दुकानातून आज मिळते ती पेटीही याच प्रकारची. ती स्वस्तही राहिली. २००७ पासून चौदा वर्षे एक रुपयाला मिळणारी साधी पेटी डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांची झाली, ती मोठी बातमी ठरली. कोठेही पेटणारी काडी येथील दुकानांत सहसा दिसत नाही. ज्यांच्याकडे ती असते, त्यांना ती बहुधा परदेशातून आलेल्या आप्तांनी आणून दिलेली असते. तशी ती आणणे किती गैर आहे, हे पुढे येईलच.

मावळच्या पावसात काय घडते?

पुणे शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवरील लोणावळ्यात ही सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असलेल्या या घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबला तरी ढग हटत नाहीत. थेट पाणी न लागताही वस्तू ओल्या होतात, ही येथील खरी अडचण आहे.

सेफ्टी पेटीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिची पट्टी. ती पुठ्ठ्यावर लावलेली असते. पुठ्ठा दमट झाला, की वरचा थर मऊ होतो. दोन-तीन काड्या ओढताच तो खरवडून निघतो आणि मग पेटीत चाळीस कोरड्या काड्या असूनही त्यांचा उपयोग उरत नाही. घासण्यास जागाच नसते.

दुसरा दुबळा भाग गुल. त्यातील सरस दमट हवेत ओल शोषून फुगतो. पोटॅशियम क्लोरेट पाण्यात विरघळते. त्यामुळे गुल एकदा पुरता भिजला, की क्लोरेटचा काही अंश निघून जातो आणि उरलेला सुकताना पृष्ठभागावर येऊन बसतो. भिजलेली काडी उन्हात वा चुलीशेजारी वाळवली तरी पूर्ववत होत नाही, याचे कारण हेच. केवळ सर्दावलेली काडी मात्र कोरड्या उबेत ठेवल्यास बऱ्याचदा सुधारते. आगपेटी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवण्याची खेड्यांतील जुनी सवय म्हणूनच योग्य आहे.

कोठेही पेटणारी काडी या बाबतीत वरचढ आहे काय? तिला पट्टी लागत नाही, हा तिचा एकच आणि खरा लाभ. गुलाची गोष्ट मात्र तीच राहते. तिच्याही गुलात क्लोरेट आणि ओल धरणारा चिकटा असतो. सेस्क्विसल्फाइड पाण्यात सहज विरघळत नसले, तरी भोवतालचे मिश्रण मऊ झाले की टोक चेपते. शिवाय 'कोठेही' या शब्दाला मावळात मोठी अट आहे. पृष्ठभाग खरबरीत तर हवाच, पण कोरडाही हवा. विसापूरच्या तटबंदीचा किंवा नागफणीच्या कड्याचा काळा बेसाल्ट मार्च महिन्यात उत्तम कानशीसारखा असतो. जुलैत त्याच दगडावर शेवाळ आणि पाण्याचा पापुद्रा असतो. बूट, पट्टा, सॅकची चेन, सारेच भिजलेले. म्हणजे जेथे या काडीची सर्वाधिक गरज, तेथेच तिला ओढायला जागा नाही. ती नेणाऱ्यालाही कोरड्या डबीत खरकागदाचा तुकडा न्यावाच लागतो. असे असेल, तर सेफ्टी काडी आणि तिच्या पट्टीचा तुकडा नेण्याहून त्यात वेगळे ते काय?

उलट तिचा धोका कायम राहतो. अशा काड्या एका डबीत सुट्या टाकल्या आणि चालताना खुळखुळल्या, तर गुलावर गुल घासून आग लागू शकते. सॅकमध्ये गॅसचे डबे, स्पिरिट, प्लास्टिकचे रेनकोट असतात. पाठीवर अशी आग लागण्याची शक्यता लहान असली, तरी परवडणारी नाही. म्हणून या काड्या न्यायच्याच असल्या, तर सर्व गुल एकाच दिशेला करून, डबीत कापूस वा कागद घट्ट बसवून न्याव्यात.

वादळी काडी हा वेगळाच प्रकार

येथे एक गल्लत नेहमी होते. 'वॉटरप्रूफ' आणि 'स्टॉर्मप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या काड्या म्हणजेच कोठेही पेटणाऱ्या काड्या, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पाण्यापासून संरक्षण, वाऱ्यात टिकणे आणि पट्टीशिवाय पेटणे हे तीन निराळे गुण आहेत. वादळी काडीत गुलाचे मिश्रण काडीच्या निम्म्या लांबीपर्यंत उतरवलेले असते आणि त्यावर लाखेसारखा जलरोधक लेप असतो. मिश्रण स्वतःच प्राणवायू पुरवत असल्याने वारा किंवा पावसाचे थेंब तिला सहजी विझवू शकत नाहीत. ती दहा-पंधरा सेकंद जोमाने जळते. जहाजांवरील जीवनरक्षक नौकांसाठी अशा काड्या बनवल्या गेल्या. मात्र यांतील बहुतेक सेफ्टी प्रकारच्याच असतात आणि त्यांना त्यांची पट्टी लागतेच. घाटमाथ्यावरील वाऱ्यासाठी हा प्रकार कोठेही पेटणाऱ्या काडीपेक्षा कितीतरी उपयुक्त आहे. मात्र ती जळत असताना फुंकून विझत नाही, याचे भान ठेवावे.

आपल्या बाजारात लाकडी काडीखेरीज मेणकागदाची आखूड काडीही मिळते. तिचा दांडा पाणी शोषत नाही, हे खरे. पण उन्हात ती वाकते आणि गुल-पट्टीची अडचण तिलाही चुकत नाही. पुठ्ठ्याच्या चपट्या काड्या तर ओल लागताच लोळागोळा होतात. भटकंतीसाठी काटेसावर, पॉपलर अशा सरळ धाग्याच्या लाकडाची, शक्यतो लांब आणि जाड काडी उत्तम.

साधी पेटी पावसाळी कशी करावी?

थोडी पूर्वतयारी केली, तर दोन रुपयांची पेटी राजमाचीच्या मुक्कामातही दगा देत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी नवी पेटी घेऊन एक-दोन काड्या ओढून पाहाव्यात. दुकानातच सर्दावलेली पेटी बदलून घ्यावी. काड्या आवळ झाकणाच्या प्लास्टिकच्या किंवा फिरकीच्या डबीत ठेवाव्यात. पूर्वी यासाठी छायाचित्रांच्या फिल्मची डबी वापरली जाई, आता औषधी गोळ्यांची डबी ते काम करते. पेटीची पट्टी पुठ्ठ्यासह कापून वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करून त्याच डबीत टाकावी, म्हणजे गुल आणि पट्टी एकमेकांना घासणार नाहीत. पट्टीचे दोन तुकडे घ्यावेत. औषधांच्या बाटलीत येणारी सिलिका जेलची पुडी सोबत ठेवल्यास आतील दमटपणा कमी राहतो. अशा दोन डब्या कराव्यात. एक सॅकमध्ये, दुसरी अंगावरच्या कपड्यांच्या आतील खिशात. सॅक ओढ्यात पडली वा हरवली, तरी आग हरवता कामा नये. डबी उघडताना हात पुसून घ्यावेत. पुष्कळ काड्या पावसाने नव्हे, ओल्या बोटांनी बाद होतात.

काड्यांना मेण लावण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. मेण मंद आचेवर पातळ करून गुल आणि त्याखालचा थोडा भाग क्षणभर बुडवून काढायचा. यासाठी भांडे थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवावे आणि मेण जेमतेम पातळ असावे. सेफ्टी काडीच्या बाबतीत यात एक खोट आहे. मेण पट्टीवर माखले, की पट्टी गुळगुळीत होऊन निकामी होते. म्हणून ओढण्यापूर्वी गुलावरील मेण नखाने खरवडून काढावे लागते. डबी नीट बंद होत असेल, तर मेणाची गरज बहुधा पडत नाही.

एका काडीवर सारा भार टाकू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. काडीची ज्योत काही सेकंदांची. तिने ओले सरपण पेटवू पाहणारा डझनभर काड्या वाया घालवतो. काडीने आधी मेणबत्तीचा तुकडा किंवा कापराची वडी पेटवावी आणि पुढचे काम तिच्यावर सोपवावे. देवघरातला कापूर ही या दृष्टीने अनमोल वस्तू आहे. तो पाण्यावर तरंगतानाही जळतो. मात्र तो हवेत उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. लायटर जरूर न्यावा. पण त्याची चकमक भिजली की तोही रुसतो. लोहमिश्रित धातूची ठिणगीकांडी भिजली तरी पुसून वापरता येते. तिच्यासाठी कोरडा कापूस मात्र हवा. या सर्वांत काडीला पर्याय शोधण्यापेक्षा तिला जोडीदार देणे हा विचार अधिक योग्य.

वाऱ्यात काडी ओढताना वाऱ्याकडे पाठ करून बसावे, काडी अंगापासून दूर ओढावी आणि पेट घेताच गुल किंचित खाली झुकवून दोन्ही तळहातांची ओंजळ करावी. ज्योत वर चढते, त्यामुळे खाली झुकलेल्या काडीचा दांडा लवकर धरतो. बंद तंबूत स्टोव्ह वा कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइड या वासरहित विषारी वायूचा धोका तेथे असतो.

दुसरा ऋतू, दुसरा धोका

आतापर्यंतचे विवेचन पेट न घेणाऱ्या काडीचे झाले. दिवाळीनंतर मावळचे डोंगर सोनेरी होतात, फेब्रुवारीपासून गवत कडकडीत वाळते, आणि मग विझवलेली समजून फेकलेली काडी हा प्रश्न होऊन बसतो. दर उन्हाळ्यात या डोंगररांगांवर वणवे लागतात. त्यांत कारवीची झुडपे, नव्याने लावलेली रोपे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरपटणारे जीव आणि गावकऱ्यांची वर्षभराची गवताची बेगमी जळून जाते. वन खाते आणि ग्रामस्थ उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतात. पण वाऱ्यावर उडालेली ठिणगी ती ओलांडते.

येथे सेफ्टी काडीचा आणखी एक गुण समोर येतो. चांगल्या प्रतीच्या काडीचा दांडा अमोनियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेला असतो. त्यामुळे ज्योत विझताच निखाराही विझतो. हलक्या प्रतीच्या काडीचे टोक विझल्यावरही काही सेकंद धुमसत राहते. घेतलेल्या पेटीची ही परीक्षा घरीच करावी. काडी अर्धी जळू देऊन फुंकावी. टोक लाल राहिले, तर ती पेटी उन्हाळी भटकंतीस नेऊ नये. कोणतीही काडी विझल्यावर मोडून, टोक बोटांना गार लागल्याची खात्री करून, परत डबीत टाकावी. कोठेही पेटणारी न वापरलेली काडी वाळल्या गवतात पडली आणि बुटाखाली दगडावर चिरडली गेली, तर ती तेथेच पेटू शकते. सेफ्टी काडीच्या बाबतीत ही भीती जवळजवळ नाही. वर्षाचे आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात हा फरक निर्णायक मानला पाहिजे.

आग लावण्याची मुभा कोठे आहे, हेही पाहावे लागते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वन धोक्यात येईल अशा रीतीने विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. लोहगड, विसापूर, कार्ले आणि भाजे लेणी ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. तेथे परवानगी दिलेल्या जागेखेरीज अन्न शिजवण्यास मनाई आहे. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. लेण्यांच्या भिंतींवर साचणारी काजळी पावसाने धुऊन निघत नाही. कड्यांवरील आग्या मोहोळाच्या माश्या धुराने चवताळतात, ही बाबही विसरू नये. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत ग्रामस्थ भटक्यांना पिठले-भाकरी करून घालतात. त्यांच्या चुलीचा लाभ घेतल्यास जंगलातील सरपण वाचते आणि गावाला चार पैसेही मिळतात.

प्रवासातील नियम

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात दोन्ही काड्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. कोठेही पेटणाऱ्या काडीचा १३३१, तर सेफ्टी काडीचा १९४४. हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या प्रकारच्या काड्या विमानात हातसामानातून वा मोठ्या सामानातून, कशाही प्रकारे नेता येत नाहीत. सेफ्टी काड्यांची एखादी लहान पेटी अंगावर बाळगण्याची सवलत या नियमांत आहे, पण त्या त्या देशाचे नियम आणखी कडक असू शकतात. म्हणून परदेशातील आप्तांना अशा काड्या बॅगेतून आणण्यास सांगणे म्हणजे त्यांना आणि सहप्रवाशांना धोक्यात घालणे होय. रेल्वेतूनही ज्वलनशील पदार्थ नेण्यास कायद्याने मनाई आहे. लोकलच्या गर्दीत स्टोव्हचे रॉकेल वा स्पिरिट नेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

एका दृष्टिक्षेपात

सेफ्टी काडी : फॉस्फरस पट्टीत, गुलात नाही. पट्टीशिवाय सहसा पेटत नाही. स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध. दुबळी बाजू पट्टी. उपाय म्हणजे पट्टीचे दोन सुके तुकडे.

कोठेही पेटणारी काडी : सारे मिश्रण गुलातच. कोरडा खरबरीत पृष्ठभाग आवश्यक. एकमेकींवर घासून पेटण्याचा धोका. विमानप्रवासात पूर्ण बंदी. आपल्या बाजारात दुर्मीळ.

वादळी काडी : लांब गुल आणि जलरोधक लेप. वारा-पावसात टिकते. बहुधा सेफ्टी प्रकारचीच, पट्टी लागते. लवकर विझत नाही.

एकंदरीत पाहता, मावळ-लोणावळ्याच्या भटकंतीसाठी कोठेही पेटणारी काडी मिळवण्याची धडपड अनावश्यक ठरते. पावसाळ्यात तिला ओढायला कोरडी जागा मिळत नाही आणि उन्हाळ्यात ती नको तेथे पेटू शकते. दोन हवाबंद डब्यांत लांब सेफ्टी काड्या, पट्टीचे सुके तुकडे, मेणबत्तीचा तुकडा आणि कापराच्या चार वड्या एवढा सरंजाम मूठभर जागेत मावतो. घाटमाथ्यावर त्याहून भरवशाचा विस्तव क्वचितच मिळेल. तो पेटवायचा की नाही, हे मात्र ऋतू, जागा आणि कायदा पाहून ठरवावे.